तीट आणि सुई

मांजरीच्या पिल्लाच्या पांढऱ्या कपाळावर काजळाची तीट होती. माझ्या दवाखान्यातल्या टेबलावर बसून ते स्वतःची शेपटी हुंगत होतं.

"ह्याला काहीही झालेलं नाही," काकू म्हणाल्या. "शेजारचं पिल्लू परवा उलट्या होऊन गेलं, म्हणून सून मागे लागली. सांगा डॉक्टर, धडधाकट जिवाला सुई कशाला टोचायची?"

शेजारच्या पिल्लाला मारणारा विषाणू चपलांबरोबरही घरात येतो, हे मी सांगितलं. लशीने प्रतिकारशक्ती कशी तयार होते, याची आकृती काढून दिली. काकूंनी तिची नीट घडी केली, ती पिशवीच्या तळाशी घातली आणि वर पिल्लाला ठेवलं.

"तीट लावलीत तेव्हा त्याला दृष्ट लागली होती का?" मी विचारलं.

"लागल्यावर लावून काय उपयोग? ती आधीच लावायची असते हो."

बोलता बोलता त्यांची नजर टेबलावरच्या सुईकडे गेली. मग पिल्लाला बाहेर काढून स्वतःच घट्ट धरून बसल्या.

टोचून झाल्यावर मी कार्ड भरायला घेतलं. "दुसरा डोस तीन ते चार आठवड्यांत."

"अमावास्येला द्या. आमच्याकडे दृष्ट तेव्हाच काढतात."

मी कॅलेंडर पाहिलं. अमावास्या पंचविसाव्या दिवशी येत होती. शास्त्राची हरकत नव्हती, म्हणून कार्डावर तिथी लिहिली.

आता दर अमावास्येला दवाखान्याबाहेर पिशव्यांची रांग लागते आणि प्रत्येक पिशवीतून तीट लावलेलं एक डोकं डोकावतं. आकृती मात्र अजून कुणी मागितलेली नाही.