निरोगी सोबती

"रक्ताच्या नळ्यांची अदलाबदल झाली असावी," संशोधक बाई म्हणाल्या आणि त्यांनी माफी मागितली.

मास्तरांनी ती मोठ्या मनाने स्वीकारली, पण लगेच नाही. ज्याने जन्मभर भूगोल शिकवला, त्याला चूक सापडली की आधी ती फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवावी लागते. त्यांच्या वर्गात नकाशावर उत्तर दिशा खाली दाखवणारा मुलगा तासभर बाकावर उभा राहत असे, हे त्यांनी बाईंना सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा सांगितलं. बाई दोन्ही वेळा मान डोलावत राहिल्या. चूक त्यांच्या प्रयोगशाळेची होती, त्यामुळे बाकावर उभं राहायचीही त्यांची तयारी दिसत होती.

अभ्यास असा होता. स्मरणशक्ती ढासळू लागलेल्या माणसाचं रक्त घ्यायचं. त्याच घरातल्या, साधारण त्याच वयाच्या, त्याच ताटातलं जेवणाऱ्या एका धडधाकट माणसाचंही घ्यायचं. मग दोन्ही शेजारी ठेवून बघायचं. जनुकं सगळ्यांकडे असतातच, बाईंनी पहिल्याच भेटीत समजावलं होतं. पण त्यातलं कोणतं कामाला जुंपलंय आणि कोणतं खुर्चीला कोट अडकवून गायब झालंय, याचा माग रक्तात लागतो. या आजारात म्हणे हजेरीपटच बदलतो. दोघांपैकी आजाऱ्याला प्रयोगशाळेतले लोक 'पेशंट' म्हणत, आणि दुसऱ्याला 'निरोगी सोबती'. मास्तरांना ही पदवी फार आवडली होती.

पेशंट अर्थातच बायको होती. हल्ली ती रोज सकाळी आज वार कोणता म्हणून विचारी. मास्तर न चिडता सांगत. सांगण्याआधी वर्तमानपत्राकडे एक नजर टाकत, खात्री केलेली बरी म्हणून. रस्त्यात प्रत्येक वळणावर ती विचारी, आता डावीकडे की उजवीकडे? मास्तर अशा वेळी थांबत, विचार करत, कधीकधी लांबच्या रस्त्याने नेत. चालणं प्रकृतीला चांगलं. शेवटी तीच एक दिवस म्हणाली, मला फार विसरायला होतंय, तपासायला न्या. मास्तरांना वाईट वाटलं. इतकी वर्षं घराचा सगळा कारभार तिने डोक्यात ठेवला होता.

गेल्या महिन्यात दोघांची तोंडी परीक्षा झाली. बाईंनी तीन शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने विचारले. बायकोला एकही आला नाही. मास्तरांचा नंबर लागला तेव्हा त्यांनी मध्येच नद्यांचा विषय काढला आणि उगमापासून मुखापर्यंत उपनद्यांसकट जगातल्या मोठ्या नद्या वाहवल्या. बाई थक्क झाल्या. शब्द विचारायचे राहूनच गेले, पण निरोगीपणाला याहून मोठा पुरावा काय हवा होता?

आणि आता रक्त उलटं आलं होतं. पेशंटचं निरोगी, निरोगी सोबत्याचं पेशंटसारखं. म्हणून दोघांना पुन्हा बोलावलं होतं.

"नळ्या बरोबर आहेत," बायको म्हणाली. "अदलाबदल माणसांची झालीय. मी केली."

मास्तर बाईंकडे वळून हळूच म्हणाले, "बघितलंत ना? असं होतं हल्ली तिचं."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं नाही. "कंदील, कात्री, बदक," ती म्हणाली. "तेव्हाही येत होते."

बाईंनी कागद उघडला. तिन्ही शब्द बरोबर होते. तेच शब्द मास्तरांनाही सांगितले होते, एवढंच त्या पुटपुटल्या. मास्तर आठवू लागले. नद्या आठवल्या, त्रिभुज प्रदेश आठवले. शब्द सोडाच, ते कुणी आपल्याला सांगितले होते हेसुद्धा काही केल्या आठवेना.

"अगं, मग सरळ सांगायचंस," ते म्हणाले. आवाज वर्गातला नव्हता.

"तुम्हाला तपासायला चला म्हटलं असतं, तर आला असतात? माझ्या सोबतीला म्हटल्यावर इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याआधी दारात उभे राहिलात."

बाई घाईघाईने सांगत होत्या, की नुसत्या रक्तावरून काही ठरत नाही, अजून हे सगळं अभ्यासाच्याच पातळीवर आहे, पुढच्या तपासण्या कराव्या लागतील, लवकर कळलं तर पुढचं नीट आखता येतं. मास्तर ऐकत होते. बायको त्यांच्या खांद्यावरचा नसलेला धागा काढत होती.

रक्त घेणारी मुलगी ट्रे घेऊन आत आली. आधी पेशंटचं घेऊ म्हणाली, आणि पेशंट कोण म्हणून दोघांकडे पाहू लागली. बायकोने सवयीने हात पुढे केला.

मास्तरांनी तो हळूच मागे घेतला, तिच्याच मांडीवर ठेवला आणि आपल्या बाहीचं बटण काढलं.

"पेशंट मी," ते म्हणाले. "पण लिहून ठेव हं पोरी, माझ्या भरवशावर राहू नकोस."