चकाकी गेलेली माळ

“चकाकी... गेली.”

दारातल्या वयस्क गृहस्थांनी एवढेच दोन शब्द उच्चारले आणि खिशातून माळ काढून पुढे धरली. मणीवाली हिरव्या मण्यांना वॉर्निशचा दुसरा हात देत होती. मणी ओवलेली विणकामाची सुई तिने थर्माकोलच्या तुकड्यात खोचली, एप्रनला हात पुसले आणि माळ घेतली.

माळ तिचीच होती. निळसर राखाडी मणी, प्रत्येकात एक बारीक पांढरी रेघ. पॉलिमर क्लेचं, म्हणजे भाजून कडक होणाऱ्या कृत्रिम मातीचं असलं काम आसपास दुसरं कुणी करत नव्हतं. पण मधले सगळे मणी निस्तेज झाले होते.

धंद्याच्या पहिल्या वर्षी तिने मण्यांना नेलपॉलिश लावलं होतं. छान चमकले होते तेव्हा. मग उन्हाळा आला, मणी चिकट झाले आणि गिऱ्हाइकांच्या कपड्यांना चिकटू लागले. तिच्या माळा विकणाऱ्या दुकानदाराने परत आलेल्या माळांची सगळी पिशवी चारचौघांत तिच्या पुढ्यात आणून ठेवली होती. ती लाज ती विसरली नव्हती. तेव्हापासून मणी भाजून झाला की पाण्यात घासायचा, स्पिरिटने पुसायचा, क्लेला चालणाऱ्या वॉर्निशचा पातळ थर द्यायचा आणि तो पुरता वाळल्याशिवाय दुसऱ्या थराचं नाव काढायचं नाही, हा तिचा नेम होता. एकही माळ परत आली नव्हती. आजपर्यंत.

“काका, मी बदलून देते,” ती म्हणाली. “याच रंगाची नवी देते.”

गृहस्थांनी मान हलवून नको म्हटलं. ओठ हलले, पण शब्द आला नाही.

तेवढ्यात आतून तिची नणंद ओला वॉटरपेपर हातात घेऊन बाहेर आली. मणी घासायचं काम नणंदेचं. भांडायचंही तिचंच.

“अहो, माळ घालून आंघोळ केली असेल, वर अत्तराचे फवारे मारले असतील! आम्ही काय प्रत्येक मण्याच्या मागे टॉवेल घेऊन फिरायचं?”

“वन्सं, थांबा हो जरा.”

“का थांबू? सकाळपासून घासतेय. मण्यांआधी माझीच बोटं चमकायला लागलीत!”

गृहस्थ हसले. पण अर्ध्याच चेहऱ्याने. डावा गाल वर गेला, उजवा होता तिथेच राहिला. नणंदेने वॉटरपेपर बाजूला ठेवला. तिने स्टूल पुढे सरकवलं.

ते सावकाश बसले आणि एकेक शब्द जुळवत बोलू लागले. दोघी उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांचं वाक्य मध्येच पुरं करायची घाई कुणी केली नाही.

“तक्रार... नाही. चकाकी मीच घालवली.” त्यांनी उजवा हात उचलला आणि अंगठा पहिल्या बोटावरून हळूहळू फिरवून दाखवला. “हा हात गेला होता. चमचा... धरवत नव्हता. दवाखान्यातून रबरी चेंडू दिला. मी तो भिरकावला. डाव्या हाताने.”

नणंदेला हसू आलं. तिने ते दाबलं.

“मग ही माळ हातात आली. एकेक मणी... पुढे ढकलायचा. रोज. बोटांना काही कळायचं नाही. आणि एक दिवस...” ते थांबले. शब्द शोधत राहिले. “एक दिवस मणी गार लागला.”

मणीवालीने माळ खिडकीपाशी उजेडात धरली. वॉर्निश कुठे उकललं नव्हतं, त्याचा पापुद्रा निघाला नव्हता. ते झिजलं होतं. एका माणसाच्या अंगठ्याने ते रोज थोडं थोडं झिजवलं होतं. दुकानदाराने पिशवी परत केल्यापासून छातीवर बसलेलं ओझं कुणी अलगद उतरवून घ्यावं तसं तिला झालं.

“चहा टाकते,” म्हणत नणंद नाक ओढत आत गेली.

“काका, मग आता चकाकी कशाला हवी?” मणीवालीने विचारलं. “उलट बोट घसरेल. व्यायामाला अशीच बरी.”

“व्यायाम आता बटणांचा.” त्यांनी छातीकडे बोट दाखवलं. मधलं एक बटण चुकून खालच्या काजात गेलं होतं, त्यामुळे कॉलर तिरकी झाली होती. “सगळी मीच लावली. माळ तेवढी... नव्यासारखी करा.”

तिने माळ उसवली. धूळ उडू नये म्हणून पंखा बंद केला. नणंदेने मणी पाण्यात धरून इतक्या हलक्या हाताने घासले, की मणीवाली बघतच राहिली. मग स्पिरिटचा बोळा फिरवला, मणी सुईवर चढले आणि पहिला थर बसला. बुडबुडा दिसला की ती ब्रशच्या टोकाने टिपून घेत होती. गृहस्थ चहाचे घोट घेत सगळं पाहत होते. घाई त्यांनाही नव्हती. दुसरा थर वाळून माळ पुन्हा ओवून होईपर्यंत दुपार झाली. खिडकीतला उजेड मण्यामण्यात उतरला.

“दोन दिवस पाणी लागू देऊ नका,” ती म्हणाली. “डबीत घालून देऊ?”

“थांबा.”

त्यांनी माळेची दोन्ही टोकं हातात घेतली आणि बारीक हुक कडीत अडकवायचा प्रयत्न करू लागले. हुक निसटला. पुन्हा निसटला. मदतीला नणंदेचा हात पुढे झाला, तो मणीवालीने धरून ठेवला. अखेर हुक कडीत बसला. त्यांनी तो लगेच सोडवला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

“लागला होता की, काका,” नणंद म्हणाली. “परत कशाला?”

“माळ बायकोची आहे. स्वतःच्या गळ्यातली काढून... माझ्या हातात दिली होती तिने.” त्यांची नजर हुकावरच होती. “ती मानेवरचे केस वर धरते ना... तिचा हात भरून यायच्या आत लागला पाहिजे.”