फुलदाणीतलं पाणी

टिटवीचं पत्र आजोबांच्या चष्म्याच्या डबीत कितीतरी दिवस घडी होऊन पडलं होतं. पत्र म्हणजे वहीचं अर्धं पान. टिटवी त्यांची पहिलीतली नात. काडीसारखे पाय आणि दिवसभर टिवटिव, म्हणून टिटवी. बुटांच्या खोक्याला फट पाडून तिने टपालपेटी केली होती आणि ती स्वतःच्या दाराबाहेर स्टुलावर मांडली होती. आजोबांकडे पेटी नव्हती, म्हणून त्यांच्या दाराखालून तिने कागद सरकवला होता: ‘आजोबा तुमच्या पुस्तकात बघून सांगा. तहान कशी थांबवतात?’

आजोबांना प्रश्न फार आवडला. त्यांनी उंटापासून सुरुवात केली. मग उंटाच्या कुबडात पाणी नसतंच, चरबी असते, असं वाचनात आलं. आणि एवढ्याशा मुलीला चरबीचं कसं सांगावं, इथे घोडं अडलं. लिहायचं, खोडायचं, फाडायचं. त्यांचं नेहमीच असं. उत्तर पक्कं होईपर्यंत विचारणारा निघून गेलेला असायचा.

त्या संध्याकाळी ते खिडकीशी वाचत बसले होते. टिटवी पावलं न वाजवता आत आली. आजोबा वाचायला लागले की त्यांना काही दिसत नाही, हे घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. तिने मेजावरच्या फुलदाणीतली फुलं काढून एकेक करून वर्तमानपत्रावर ठेवली. फुलदाणी दोन्ही हातांनी उचलली आणि तिच्यातलं पाणी गटागटा प्यायली. फुलं आठवड्याची शिळी होती, देठ कुजले होते. तिने हनुवटीला चिकटलेलं पान काढून टाकलं, फुलं होती तशी परत खोचली आणि वळली.

आजोबा बघत होते.

“मी नाही प्यायले,” ती म्हणाली आणि पळाली.

शाळेतून आल्यावर तिला पाणी बंद, हे त्यांना माहीत होतं. पाण्याचा तांब्या फ्रिजवर चढतो, नळाला तोंड लावू नये म्हणून न्हाणीघरात जाताना तिला दार उघडं ठेवावं लागतं, हेही. भिजलेली गादी सकाळी रस्त्याकडच्या कठड्यावर टाकतात आणि खालून शाळेला जाणारी पोरं नाक धरतात, हेही. आईबापाच्या कारभारात म्हाताऱ्याने पडू नये, असं म्हणत ते पान उलटत आले होते. हे सगळं माहीत असून त्यांनी उंट शोधला होता!

ते उठले तेव्हा मांडीवरचं पुस्तक खाली पडलं. त्यांनी ते उचललं नाही.

स्वयंपाकघरात सून भाजी चिरत होती. मुलगा उद्याच्या शर्टाला इस्त्री करत होता.

“फ्रिजवरचा तांब्या काढ.”

“पाणी हवंय का बाबा? थांबा, माठातलं देते—”

“मला नको. तिला.”

मुलाने इस्त्री उभी केली. “आता नाही. रात्री परत गादी भिजेल.”

“भिजू दे. हौसेने करते का ती? झोपेत होतं ते!”

“हट्ट आहे तो. लाज वाटली की आपोआप थांबेल. तुम्ही पुस्तकातलं सांगू नका.”

“पुस्तकातलं नाही सांगत. फुलदाणीतलं सांगतोय.” आजोबांचा आवाज चिरकला. “तुझी मुलगी आत्ता माझ्या फुलदाणीतलं कुजकं पाणी प्यायली. फुलं बाजूला काढून. परत नीट लावून! अरे, माणूस कुत्र्यालासुद्धा वाटी भरून ठेवतो.”

सुनेची सुरी थांबली.

“डॉक्टरला दाखवलंस?” आजोबांनी विचारलं.

“याचं काय दाखवायचं? चारचौघांत शोभा.”

“चारचौघांत! आणि गादी रोज रस्त्यावर टांगतोस ती?”

मुलाने इस्त्री पुन्हा उचलली. बोलली ती सून, आणि तीही भडकूनच. “तुम्हाला बोलायला काय जातं बाबा? चादरी मी धुते. हाताला वास घेऊन ऑफिसात मी जाते. एकदा तरी विचारलंत?”

“नाही विचारलं,” आजोबा म्हणाले. क्षणभर त्यांना नेहमीसारखं खोलीत परत जावंसं वाटलं. “उद्यापासून मी धुतो. रात्री तिने हाक मारली तर मी उठेन, नाहीतरी मला झोप कुठे असते. पण ती गादी परत रस्त्याकडे दिसली, तर शेजारी माझीही टाकेन. बादलीभर पाणी ओतून. मग सांगत बस खालच्या पोरांना, कुठली कोणाची ते.”

त्यांनी खुर्ची स्वतः ओढली आणि तिच्यावर चढले. खुर्ची डुगडुगली. मुलगा बघत राहिला. सुनेने सुरी ठेवली आणि पुढे येऊन खुर्चीची पाठ धरली.

तांब्यातून ग्लास भरून ते टिटवीच्या खोलीशी आले. दार बंद होतं.

“टिटवे, पाणी आणलंय.”

“मला तहान नाही,” आतून आवाज आला. “खरंच नाही आजोबा. मी शहाणी आहे.”

आजोबा ग्लास घेऊन परत फिरले. मग खोलीत आले, मेजावरचे उंटाचे सगळे कागद चुरगाळून टोपलीत फेकले आणि एका कोऱ्या कागदावर, एकही शब्द न खोडता, लिहिलं: ‘तहान थांबवत नाहीत. पाणी पितात.’

घडी करून त्यांनी तो तिच्या दाराबाहेरच्या खोक्याच्या फटीत टाकला. पाणी फटीतून जाणार नव्हतं. ग्लास त्यांनी पेटीवर ठेवला.