एक हिरवा दिवा

सव्वातीनला खरखऱ्याने डीजेच्या केबिनच्या काचेतून खाली वाकून दिवे मोजले. लाल शंभराच्या वर होते. हिरवा एक.

तो खांबाशी, नेहमीच्या खुर्चीवर होता. खरखऱ्याचा जीव भांड्यात पडला, आणि आजही सुटका नाही हेही त्याला त्याच क्षणी कळलं.

आवाजाबद्दल शेजाऱ्यांनी इतक्या तक्रारी केल्या होत्या की क्लबच्या मालकाने वैतागून स्पीकरच काढून टाकले. आता दारात प्रत्येकाला हेडफोन मिळायचा. त्याचं बटण एकदा दाबलं की समोरच्या केबिनमधल्या दुसऱ्या डीजेची गाजलेली गाणी, आणि कानाशी लाल दिवा. पुन्हा दाबलं की खरखऱ्याचं संगीत, आणि दिवा हिरवा. कोण कुणाचं ऐकतंय हे अख्ख्या हॉलला दिसायचं. डीजेची अब्रू अशी दर रविवारी दुपारी तीन ते सहा टांगणीला लागायची.

खरखऱ्या हे नाव त्याला त्याच्या संगीतावरून पडलं होतं. कुणी न ऐकलेल्या बँडच्या घरगुती कॅसेटी, बंद पडलेल्या रेडिओ केंद्रांचे आवाज, यंत्रांच्या धडधडीवर बांधलेले ताल. गाणं कमी, खरखर जास्त. एके काळी त्यासाठी दारापासून कोपऱ्यापर्यंत रांग लागायची. मग ती माणसं संसाराला लागली, आणि नवी आली ती नाचायला. त्यांचं तरी काय चुकलं?

मालक त्याला काढत नव्हता. जाहिरातीच्या फोटोत दोन रंग बरे दिसतात, एवढंच त्याचं म्हणणं.

वर्षाच्या सुरुवातीला बायकोला दुसऱ्या शहरात चांगली नोकरी लागली. तिथल्या एका स्टुडिओने खरखऱ्यालाही बोलावलं होतं. तेव्हा हिरवे दिवे नवावरून पाचावर आणि पाचावरून दोनावर आले होते. तो ऐटीत म्हणाला, ज्या रविवारी एकही हिरवा दिवा नसेल, त्या रविवारी सामान बांधतो. त्याला वाटलं, फार तर तीन आठवडे. बायको पुढे गेली नाही, थांबली. नोकरीवर हजर व्हायची तारीख तिने दोनदा मागून घेतली.

दोनाचा एक झाला आणि तो एक काही हलेना. सतरा रविवार झाले होते.

त्या हिरव्या दिव्याखाली पन्नाशीची एक बाई असायची. डोळे मिटून बसायची, जागची हलायची नाही. अस्सल ऐकणारा उड्या मारत नाही, हे खरखऱ्याचं जुनं मत. एकदा त्याने मुद्दाम लोखंड कापणाऱ्या करवतीचं ध्वनिमुद्रण लावलं. चुकून हिरव्यावर आलेली दोन पोरं कान धरून पळाली. बाईच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. असा तयार कान त्याने उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

आज सकाळी बॅगा दाराशी होत्या. लेकीची नवी शाळा उद्या सुरू होणार होती.

"एका बाईसाठी?" बायकोने विचारलं. "तिचं नाव तरी माहीत आहे तुला?"

"ती ऐकते."

"मीही ऐकत होते. बारा वर्षं."

बस पाचला आहे, असं तिने सांगितलं. चारपर्यंत फोन आला तर तुझी सीट धरून ठेवेन. नाही आला तर पुन्हा विचारणार नाही, आणि तूही विचारू नकोस. ती भांडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

केबिनमध्ये हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागायचे. काच उघडत नव्हती. पावणेचारला त्याने फोन हातात घेतला आणि खाली पाहिलं. हिरवा दिवा. बाई डोळे मिटून किंचित हसत होती. आपण गेलो तर तिने कुणाचं ऐकायचं, असं त्याच्या मनात आलं. खरं तर ती नसेल तर आपलं कोण ऐकणार, ही भीती जास्त होती. लेकीचा चेहरा आठवला, आणि त्याने फोन पालथा ठेवला.

चार वाजून गेले.

सव्वापाचला त्याने अर्ध्या तासाची एक लांब कॅसेट लावली आणि सतरा रविवारांत पहिल्यांदाच खाली उतरला. जिच्यासाठी एवढं केलं, तिच्याशी निदान दोन शब्द बोलायला हवे होते. तिला कोणती रचना सर्वांत आवडली, ते विचारायचं त्याने ठरवलं होतं. गळ्यात वायरी तशाच लोंबत होत्या. तो समोर उभा राहिला, तशी तिने डोळे उघडले आणि हेडफोन काढून दोन्ही हातांनी छातीशी धरला.

"काय ऐकताय?" त्याने विचारलं.

बाईने त्याच्या गळ्यातल्या वायरींकडे पाहिलं आणि ती कसनुशी झाली.

"तुम्ही दुरुस्तीवाले ना? मला वाटलंच होतं, कधीतरी कुणीतरी येणार. भाचीला इथे एकटीला सोडत नाहीत, म्हणून मी सोबत येते. आठवडाभर कारखान्यात मागांची धडधड, घरी नऊ माणसांचा गलका. ह्याचं बटण हिरव्यावर अडकलंय आणि आतून आवाज म्हणून येत नाही, म्हणून दर रविवारी दारात मी हाच मागून घेते. कान झाकले की कशी शांतता असते म्हणून सांगू! तुमच्या पाया पडते दादा, एवढा एक दुरुस्त करू नका."