अडकित्त्यानं कापलेली गोळी

“जे मिळंल त्यातलं अर्धं जावंला देत जा, लेकी,” जात्यावर दळताना आई म्हणायची. रत्नमालानं ते पाळलं. नैराश्यावरच्या नव्या औषधाच्या चाचणी-अभ्यासात मिळालेली प्रत्येक गोळी तिनं अडकित्त्यानं कापली आणि अर्धी मुकाट झुरणाऱ्या धाकट्या जावेला दिली. आज दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तुम्हाला औषधाचा गुण येत नाहीये.” रत्नमालानं पिशवीतून अडकित्ता काढून टेबलावर ठेवला. “यील कसा? मी अर्धीच खाते. अर्धी जावंला.” “अहो, गोळी काय भाकरी आहे वाटायला? तुम्हाला अभ्यासातून काढावं लागेल.” “काढा. पण तिला तपासल्याबिगर मुकुंदवाडीला परतत नाय.” बाहेर बसलेल्या जावेला तिनं हाताला धरून आत आणलं. “बोल बाय, इथं सासूबाई नायत.” “पाठ दुखती नुसती,” जाऊ सवयीनं म्हणाली. मग अडकित्त्याकडं बघत तिनं तोंडावरचा पदर काढला. “मॅडम, मला रोज मरावंसं वाटतं.”