किल्ल्याच्या दारातला आवाज

किल्ल्याच्या दारात ड्रॅगन झोपला आहे. अकरा वर्षं जुन्या मॅक लॅपटॉपचा पंखा मिक्सरसारखा घरघरतो आहे. पोह्यांवर लिंबू पिळायचं राहून गेलं आहे. पहारेकरी भाला रोखून म्हणतो, "आधी चपला बाहेर काढ."

ऋजुताचा घास हातातच राहिला. आवाज बाबांचा होता, आणि बाबांना जाऊन दीड वर्ष झालं होतं.

"हा गेम फक्त विंडोजवर चालतो ना?" तिने धाकट्या भावाला विचारलं.

"मध्ये एक दुभाष्या प्रोग्राम बसवलाय," निनाद म्हणाला. "गेमचं बोलणं तो मॅकला समजावून सांगतो. जिथे अडतं, तिथे लॅपटॉपवरच्या जुन्या फायलींतून काहीतरी भरतो. यात बाबांची सगळी रेकॉर्डिंग्ज आहेत."

ऋजुताच्या नव्या विंडोज मशीनवर हाच पहारेकरी नुसता "थांब" म्हणायचा, तोही कुणा अनोळखी माणसाच्या आवाजात.

"मला त्या फायली दे."

"देतो की. पण उपयोग काय? तुझ्या मशीनला काही कमीच पडत नाही, ताई."

"मग अदलाबदल करू. माझं नवंकोरं मशीन घे."

"आता? परवापर्यंत याला डबडं म्हणत होतीस!"

निनादने गुडघे टेकायचं बटण दाबलं. "शहाणं माझं बाळ," पहारेकरी म्हणाला आणि दार उघडलं.

ऋजुताने बशी आपटली. "मलासुद्धा म्हणायचे ते."

हा लॅपटॉप बाबांनी आधी तिलाच देऊ केला होता.