बाटलीचा उजेड

२००९ सालची गोष्ट. दरेकशाच्या जंगलाला लागून असलेल्या एका गावात वैजयंता सिस्टर एकटीच आरोग्य उपकेंद्र सांभाळायची. एका संध्याकाळी भारनियमनात लाइट गेली आणि तेव्हाच ओमेश्वरीला कळा सुरू झाल्या. सिस्टरने मोबाइलचा टॉर्च लावून तो स्टीलच्या पेल्यात उभा केला आणि पेल्यावर पाण्याने भरलेली प्लास्टिकची बाटली ठेवली. उजेड पसरला. त्यातच तिने बाळंतपण केलं. पोरगी झाली, खणखणीत रडली.

दुसऱ्याच दिवशी पेपरात बातमी आली, आणि तालुक्याला सिस्टरचा सत्कार ठरला.

बारा-तेरा दिवसांनी सभागृहात आरोग्य खात्याच्या साहेबांनी तिच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. "इसको बोलते हैं जुगाड!" ते माइकवर म्हणाले. "आता प्रत्येक उपकेंद्रात अशी एक बाटली ठेवा. इन्व्हर्टर पाहिजे, इन्व्हर्टर पाहिजे, हे अर्ज बंद करा." लोकांनी जोरात टाळ्या वाजवल्या.

वैजयंताने शाल काढून टेबलावर फेकली आणि साहेबांच्या हातातून माइक ओढून घेतला.

"टाळ्या कायले वाजवून राहिले? सहा अर्ज केले मी इन्व्हर्टरसाठी, एकाचंही उत्तर नाही. त्या बाटलीच्या उजेडात मले पोरगी दिसली, साहेब. मायचं रक्त वाहून राहिलं होतं, ते नाही दिसलं."

तिने नारळही टेबलावर ठेवला.



"आज ओमेश्वरीची तेरवी आहे."